अपडेटनंतर नकाशा लॉगिन मागतोय? आर्कजीआयएस ऑनलाइनचं शेअरिंग दुरुस्त करण्याची रीत

आर्कजीआयएस ऑनलाइन म्हणजे एझ्री कंपनीची, वेबवर नकाशे बनवण्याची आणि शेअर करण्याची सेवा. तिथला, कालपर्यंत कुणाच्याही मोबाइलवर उघडणारा नकाशा आज यूझरनेम आणि पासवर्ड मागतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर "लिंक चालत नाहीये" असे मेसेज सुरू होतात. मग कुणीतरी घाईघाईने लॉगिन करतं आणि जे जे दिसेल ते 'एव्हरीवन'ला, म्हणजे सगळ्या जगाला, शेअर करून टाकतं. नकाशा उघडतो, सगळे अंगठा दाखवतात, आणि लेयरमध्ये, म्हणजे नकाशावर चढवलेल्या माहितीच्या थरात, पडलेले शे-दीडशे लोकांचे फोन नंबर जगासाठी उघडे होतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. हा लेख त्या घाईच्या आधी वाचायचा आहे.

मुळात अपडेट तुमचं शेअरिंग सहसा बदलत नाही. आधीपासून ढिली असलेली एखादी गोष्ट तोवर चालवून घेतली जात होती, ती नंतर चालवून घेतली जात नाही, एवढंच बहुतेक वेळा घडतं. किंवा अपडेटच्या निमित्ताने आपणच काहीतरी नवं बनवतो आणि त्या नव्या वस्तूचं शेअरिंग करायचं राहून जातं. म्हणून "कंपनीने काय बदललं" यापेक्षा "आपली कुठली कडी अडली" हा प्रश्न जास्त कामाचा.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक काल्पनिक उदाहरण धरू. नाशिकमधल्या एका स्वयंसेवी गटाने गोदाकाठाचा पूर-नकाशा केला आहे. त्यात पूररेषेचा लेयर, रामकुंडापासून तपोवनापर्यंतचे घाट आणि पूल, सराफ बाजार-भांडी बाजार असा पाणी शिरणारा भाग, आणि चौथा लेयर मदत केंद्रांवरच्या स्वयंसेवकांचा, त्यात नावं आणि मोबाइल नंबर. या सगळ्याचा एक वेब मॅप आणि त्यावर बसवलेलं एक ॲप. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं अशी विचारणा सुरू झाली, की हे ॲप लोकांच्या हातात हवं. नेमकं तेव्हाच ते लॉगिन मागतंय.

पहिली पायरी: तीन जणांच्या नजरेने पाहा

काहीही बदलण्याआधी तीच लिंक तीन प्रकारे उघडा. एकदा ज्याच्या खात्यात नकाशा आहे त्याच्या, म्हणजे ओनरच्या लॉगिनने. एकदा संस्थेतल्या दुसऱ्या सदस्याच्या लॉगिनने. आणि एकदा खासगी विंडोत, कुठलंही लॉगिन न करता. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबलं की खासगी विंडो उघडते. मोबाइलवर तपासायचं तर व्हॉट्सॲपच्या आतल्या ब्राउझरवर विसंबू नका. लिंक कॉपी करून मुख्य ब्राउझरच्या खासगी टॅबमध्ये टाका.

ओनरला दिसतं पण सदस्यालाही दिसत नाही, तर शेअरिंगची पातळी किंवा ग्रुप तपासायचा. सदस्याला दिसतं, बाहेरच्या माणसाला नकाशा अर्धवट दिसतो आणि मध्येच लॉगिनची चौकट येते, तर एखादा लेयर सार्वजनिक नाही. हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. ओनरलाही दिसत नाही, तर प्रश्न बहुधा परवानगीचा नाहीच. लेयर उडालाय, सेवेचा पत्ता बदललाय किंवा सबस्क्रिप्शन संपलंय. आणि एकाच माणसाला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं, तर त्याच्या ब्राउझरमध्ये जुन्या कॉलेजचं किंवा जुन्या नोकरीचं लॉगिन अडकून बसलेलं असण्याची शक्यता मोठी. त्याला साइन आउट करायला सांगा, कुकीज काढायला सांगा आणि पुढच्या पायऱ्यांचे कष्ट वाचवा.

याच वेळी एझ्रीच्या स्टेटस पानावर, म्हणजे स्टेटस डॉट आर्कजीआयएस डॉट कॉमवर, नजर टाका. सेवाच ठप्प असेल तर शेअरिंगशी खेळण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: संदेश नीट वाचा

"एरर येतोय" हे वर्णन पुरेसं नाही. स्क्रीनशॉट मागवा. 'आयटम डझ नॉट एक्झिस्ट ऑर इज इनॲक्सेसिबल' असं आलं तर वस्तू डिलीट झाली आहे किंवा बघणाऱ्याला तिचा पत्ताच लागत नाही. 'यू डू नॉट हॅव परमिशन्स' आलं तर वस्तू आहे, पण दार बंद आहे. ४९९ म्हणजे टोकन (लॉगिन केल्यावर मिळणारा तात्पुरता पास) हवं, अर्थात लॉगिन केलेलंच नाही. ४९८ म्हणजे टोकन आहे पण ते वैध नाही. बहुतेकदा मुदत संपलेली असते आणि पुन्हा लॉगिन केल्यावर काम होतं.

यात एक गंमत आहे. आर्कजीआयएसच्या सेवा पुष्कळदा वरवर २०० म्हणजे 'सगळं ठीक' असा प्रतिसाद देतात आणि ४९९ हा आकडा प्रतिसादाच्या पोटात लिहिलेला असतो. त्यामुळे एफ १२ दाबून उघडणाऱ्या ब्राउझरच्या तपासणी-खिडकीतल्या नेटवर्क टॅबमध्ये फक्त लाल ओळी शोधल्या तर हाती काही लागत नाही. क्रोमच्या त्या टॅबमध्ये कंट्रोल-एफ करून ४९९ शोधा. ज्या पत्त्याच्या प्रतिसादात तो सापडेल, तो अडलेला लेयर.

एफ १२ ची भीती वाटत असेल तर सोपा मार्गही आहे. लेयरच्या आयटम पानावर, म्हणजे आर्कजीआयएसमधल्या त्याच्या माहितीच्या पानावर, खाली उजवीकडे त्याचा यूआरएल असतो, 'फीचरसर्व्हर' या शब्दाने संपणारा. तो कॉपी करून खासगी विंडोत उघडा. लेयरची माहिती दिसली तर तो सार्वजनिक आहे. टोकन किंवा लॉगिन मागितलं तर नाही. एकेका लेयरसाठी हे करायला मिनिटभर पुरतं.

तिसरी पायरी: साखळी कागदावर काढा

जुन्या नाशकातल्या वाड्याचा दिंडी दरवाजा सताड उघडा असला म्हणून आतल्या माजघराचं कुलूप आपोआप निघत नाही. आर्कजीआयएस ऑनलाइनमध्येही ॲप ही एक वस्तू, त्यातला वेब मॅप दुसरी, मॅपमधला प्रत्येक लेयर आणखी वेगळी. प्रत्येकीचं शेअरिंग स्वतंत्र. ॲप सार्वजनिक केलं म्हणजे नकाशा सार्वजनिक झाला असं होत नाही, आणि नकाशा केला म्हणजे लेयर झाले असंही नाही.

कागदावर वरून खाली लिहा: ॲप, मॅप, लेयर. वेब मॅपच्या आयटम पानावर लेयरची यादी मिळते. एक्सपीरियन्स बिल्डर या एझ्रीच्या ॲप बनवायच्या साधनातलं ॲप असेल तर बिल्डर उघडून डेटाच्या पॅनेलमध्ये पाहा. तिथे मॅपमध्ये नसलेला एखादा लेयर थेट जोडलेला सापडतो, तक्त्यासाठी किंवा आलेखासाठी, आणि तोच नेमका अडलेला असतो. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: ओनर कोण, आज कुणाला शेअर आहे, आणि खरं तर कुणाला असायला हवी. हा तिसरा रकाना वगळू नका. पुढची सगळी दुरुस्ती त्यावर उभी आहे.

आपल्या पूर-नकाशात ॲप, मॅप आणि पहिले तीन लेयर 'एव्हरीवन', तर स्वयंसेवकांचा लेयर फक्त गटाच्या ग्रुपपुरता. इथे एक विसंगती दिसते: सार्वजनिक नकाशात खासगी लेयर बसवलेला आहे. मग लॉगिनची चौकट येणारच. बरेचदा ही चौकट अपडेटच्या आधीही येत असते. गटातले सगळे कायम लॉगिन केलेले असतात, म्हणून ती कुणी पाहिलेली नसते. अपडेटनंतर सगळ्यांची सत्रं तुटली की ती दिसते.

चौथी पायरी: शेअरिंग दुरुस्त करा, खालून वर

आधी लेयर, मग मॅप, शेवटी ॲप. आयटमच्या पानावर 'शेअर' बटण दाबलं की पर्याय दिसतात: फक्त ओनर, पूर्ण ऑर्गनायझेशन, एव्हरीवन. त्याखाली ग्रुप. मॅप शेअर करताना त्यातले लेयर त्याच पातळीवर नसतील तर आर्कजीआयएस तसं सांगतं आणि ते एकदम बदलायचं का, असं विचारतं. सोय चांगली आहे, पण दोन कारणांनी तिथे डोळे झाकून होकार देऊ नका. एक तर दुसऱ्याच्या मालकीचे लेयर तुम्हाला बदलता येत नाहीत. ते ओनरने किंवा ॲडमिनने बदलावे लागतात. दुसरं म्हणजे त्या यादीत स्वयंसेवकांचा लेयरही असतो. त्यापुढची टिकची खूण काढून टाका.

'एव्हरीवन' हा पर्याय दाबताच येत नसेल तर थांबा. ती अडचण लेयरची नाही, संस्थेच्या सेटिंगची आहे. ती पुढे येते.

आणखी एक नेहमीचा घोळ. लेयरमध्ये नवी माहिती भरायची म्हणून कुणी जुना लेयर डिलीट करून नवा अपलोड करतं. नाव तेच, पण आयटम आयडी, म्हणजे वस्तूची ओळखखूण, वेगळी आणि नवी वस्तू सहसा खासगीच जन्माला येते. मॅप मात्र जुन्याच आयडीला शोधत राहतो. माहिती बदलायची तर 'ओव्हरराइट' वापरा. आयडी टिकतो, शेअरिंगही टिकतं.

पाचवी पायरी: खासगी माहितीसाठी व्ह्यू लेयर

मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त दुरुस्त्या इथे संपायला हव्यात. होस्टेड फीचर लेयरवरून, म्हणजे आर्कजीआयएस ऑनलाइनमध्येच साठवलेल्या लेयरवरून, 'व्ह्यू' बनवता येतो. माहिती मूळ लेयरचीच असते, पण व्ह्यूला स्वतःचं शेअरिंग असतं, स्वतःच्या एडिटिंगच्या सेटिंग असतात, आणि कुठले रकाने आणि कुठल्या ओळी दाखवायच्या हेही ठरवता येतं. मूळ लेयर खासगी ठेवून व्ह्यू सार्वजनिक केला तरी तो व्यवस्थित उघडतो.

करायचं असं: मूळ लेयरच्या पानावर 'क्रिएट व्ह्यू लेयर' घ्या, नाव आणि मोबाइलचे रकाने काढून टाका, हवं तर फक्त चालू असलेल्या मदत केंद्रांच्याच ओळी राहतील असा फिल्टर लावा, एडिटिंग बंद ठेवा आणि व्ह्यू 'एव्हरीवन'ला द्या. मग मॅपमधून मूळ लेयर काढून हा व्ह्यू बसवा. नागरिकांना "पंचवटीत मदत केंद्र इथे" एवढं दिसतं. नंबर गटाकडेच राहतात.

पॉप-अपमधून रकाना लपवणं म्हणजे तो सुरक्षित करणं नव्हे. लेयर सार्वजनिक असेल तर त्याच फीचरसर्व्हरच्या पत्त्यावरून कुणीही सगळे रकाने वाचू शकतं. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्ष प्लॉटच्या नकाशांत हे फार दिसतं. बागायतदाराचं नाव, गट नंबर, एपीडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीतली निर्यात नोंदणी, मोबाइल, सगळं एकाच लेयरमध्ये, आणि पॉप-अपमध्ये फक्त द्राक्षाचं वाण. नकाशा करणाऱ्याला वाटतं बाकीचं झाकलंय. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला आहे. पण कायदा नसता तरी शेतकऱ्याने विश्वासाने दिलेला नंबर असा बाहेर जाऊ देणं बरं नव्हे.

सहावी पायरी: ग्रुप, रोल आणि यूझर टाइप

ग्रुपमध्ये दोन वेगळ्या परवानग्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. ग्रुप कुणाला दिसतो ही एक. ग्रुपमधली वस्तू कुणाला दिसते ही दुसरी. ग्रुप सार्वजनिक असला तरी त्यात टाकलेला खासगी नकाशा सदस्यांनाच दिसतो.

सदस्यांनी एकमेकांचे नकाशे बदलावेत अशी सोय हवी असेल तर ग्रुप बनवतानाच 'सगळ्या वस्तू अपडेट करता येतील' हा पर्याय निवडावा लागतो. नंतर तो लावता येत नाही. नवा ग्रुप करा, वस्तू तिकडे शेअर करा, जुना मोडा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

"मला आधी एडिट करता येत होतं" अशी तक्रार आली तर त्या सदस्याचा यूझर टाइप (परवान्याचा प्रकार) आणि रोल (दिलेल्या अधिकारांचा संच) पाहा. जून २०२४ मध्ये एझ्रीने यूझर टाइपची मांडणी बदलली. आधीचा 'एडिटर' 'काँट्रिब्यूटर' झाला, 'फील्ड वर्कर' 'मोबाइल वर्कर' झाला. जुन्या प्रशिक्षणाच्या वहीतली नावं घेऊन शोधत बसलात तर सापडणार नाहीत. संस्थेने स्वतःचे कस्टम रोल केले असतील तर अपडेटबरोबर आलेला नवा अधिकार त्यात आपोआप टिक झालेला असेल असं धरू नका. ॲडमिनकडून रोल उघडून एकदा वाचून घ्या.

संस्था सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यात लेयर अडकलेले असतील तर ॲडमिन मालकी बदलू शकतो आणि आयटम आयडी तोच राहतो. मात्र नवा ओनर त्याच ग्रुपमध्ये आधी असायला हवा, नाहीतर ग्रुपचं शेअरिंग निसटतं. महाविद्यालयांत दर वर्षी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडले की ही वेळ येते.

सातवी पायरी: संस्थेच्या सेटिंग

इथे ॲडमिनचं लॉगिन लागतं. ऑर्गनायझेशन, मग सेटिंग्ज, मग सिक्युरिटी. दोन गोष्टी पाहा.

सदस्यांना सार्वजनिक शेअर करू द्यायचं की नाही, हा एक पर्याय. तो बंद असेल तर ॲडमिन सोडून कुणालाही 'एव्हरीवन' दाबता येत नाही. चौथ्या पायरीतल्या अडचणीचं कारण हेच. तो सरसकट सुरू करण्यापेक्षा ॲडमिनने तेवढ्याच वस्तू सार्वजनिक करून देणं मला जास्त पटतं.

दुसरा पर्याय अनामिक प्रवेशाचा, म्हणजे लॉगिनशिवाय बघू देण्याचा. तो बंद असेल तर संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावरून, म्हणजे सुरुवातीला संस्थेचं नाव असलेल्या लिंकवरून, सार्वजनिक नकाशाही लॉगिन मागतो. तोच नकाशा सर्वसाधारण आर्कजीआयएस डॉट कॉमच्या पत्त्यावरून उघडतो. सगळं शेअरिंग बरोबर असूनही चौकट येतेय, अशा वेळी हे आधी तपासा.

नकाशा संस्थेच्या संकेतस्थळात बसवलेला असेल आणि फक्त तिथेच अडत असेल, तर त्याच पानावरची 'अलाउड ओरिजिन्स'ची, म्हणजे परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची, यादी बघा. संकेतस्थळाचा पत्ता बदलला असेल तर नवा तिथे टाकावा लागतो.

परवानगी वाटते, पण परवानगी नसते

डिसेंबर २०२० पासून आर्कजीआयएस ऑनलाइन फक्त एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, चालतं. कुणाच्या तरी जुन्या सर्व्हरवरून एचटीटीपीने येणारा लेयर मॅपमध्ये असेल तर ब्राउझर तो गुपचूप अडवतो. लॉगिन येत नाही, लेयर नुसता रिकामा दिसतो. मॅपच्या सेटिंग पानावर लेयर एचटीटीपीएसवर नेण्याचं बटण आहे. सर्व्हरच एचटीटीपीएस देत नसेल तर मात्र त्याच्या चालकालाच सांगावं लागेल.

पासवर्ड साठवून जोडलेल्या बाहेरच्या सेवा हा आणखी एक सापळा. तिकडे पासवर्ड बदलला की इकडे लेयर बंद.

वेब ॲपबिल्डर आणि मॅप व्ह्यूअर क्लासिक ही जुनी साधनं २०२६ च्या पहिल्या तिमाहीत निवृत्त होणार असं एझ्रीने जाहीर केलं होतं. त्यांच्या जागी एक्सपीरियन्स बिल्डरमध्ये किंवा इन्स्टंट ॲप्समध्ये ॲप नव्याने केलं, तर ती पूर्ण नवी वस्तू असते: नवा आयडी, नवी लिंक, शेअरिंग शून्यापासून. एक्सपीरियन्स बिल्डरमध्ये 'पब्लिश' करणं आणि 'शेअर' करणं या दोन निराळ्या क्रिया आहेत, दोन्ही कराव्या लागतात. आणि बिल्डरच्या ॲड्रेस बारमधली लिंक लोकांना पाठवू नका. ती संपादनाची असते. 'व्ह्यू पब्लिश्ड' दाबून उघडणारी पाठवा.

माहिती भरून घेणारे फॉर्म

सर्व्हे१२३ या एझ्रीच्या फॉर्म बनवायच्या साधनातला फॉर्म एकटा नसतो. त्याच्याबरोबर एक फोल्डर, मूळ लेयर आणि एक-दोन व्ह्यू तयार होतात. त्यांचं शेअरिंग कंटेंटच्या पानावरून एकेक करून बदललं की ताळमेळ बिघडतो. सर्व्हे१२३ च्या संकेतस्थळावरच्या 'कोलॅबोरेट' टॅबमधूनच करा. ते सगळं एकदम जुळवून घेतं.

फॉर्म लोकांसाठी खुला असेल तर लेयरच्या सेटिंगमध्ये सार्वजनिक माहिती-संकलनाला मान्यता देणारी स्वतंत्र खूण आहे. एडिटिंग सुरू, शेअरिंग 'एव्हरीवन', पण ही खूण नाही, अशा स्थितीत लोकांचा भरणा अडतो. खूण करताना लोकांना फक्त नवी नोंद टाकता येईल, आधीच्या नोंदी वाचता किंवा बदलता येणार नाहीत, असं ठेवा.

गूगल माय मॅप्स वापरत असाल तर

लहान गट बहुधा हेच वापरतात आणि तिथलं गणित सोपं आहे. माय मॅप्समधला नकाशा ही ड्राइव्हमधली फाइल आहे, त्यामुळे ड्राइव्हचे नियम तिला लागतात. १३ सप्टेंबर २०२१ रोजी ड्राइव्हने सुरक्षेचा बदल लागू केला आणि काही जुन्या फाइलींच्या लिंकला 'रिसोर्स की' नावाचा तुकडा जोडला. ज्याने फाइल आधी उघडलेली नाही आणि ज्याच्याकडे जुनी लिंक आहे, त्याला परवानगी मागावी लागते. उपाय एवढाच की शेअरच्या चौकटीतून आजची लिंक कॉपी करून पुन्हा पाठवा. कॉलेजच्या खात्यावरचा नकाशा बाहेर उघडत नसेल तर गूगल वर्कस्पेसच्या ॲडमिनने बाहेर शेअर करणं बंद ठेवलं असेल. तिथे तुमच्या हातात काही नाही, त्यांनाच विचारा.

दुरुस्तीनंतर

पुन्हा खासगी विंडो उघडा आणि या वेळी नकाशा दिसतो का यावर थांबू नका. प्रत्येक लेयर सुरू-बंद करा, दोन-तीन ठिपके दाबून पॉप-अप बघा, शोधपट्टीत "रामकुंड" टाकून पाहा. मग उलटी तपासणी करा: स्वयंसेवकांच्या मूळ लेयरचा फीचरसर्व्हरचा पत्ता त्याच विंडोत टाका. तिथे लॉगिन मागितलंच पाहिजे. मोबाइल डेटावरूनही एकदा उघडा, कारण ऑफिसच्या वायफायमध्ये कधी कधी जुनी प्रत साठलेली असते.

साखळीचा कागद फेकू नका. ड्राइव्हवर तक्ता करून ठेवा आणि आयटम आयडीचा एक रकाना जोडा. पुढच्या अपडेटची सूचना आली की पावसाळ्याच्या तोंडावर खासगी विंडोतली तपासणी त्यावरूनच करता येते.

इतकं करूनही सुटलं नाही तर सपोर्टला लिहा, पण "नकाशा चालत नाही" असं नको. अडलेल्या वस्तूचा आयटम आयडी, कुठल्या लॉगिनने दिसतं आणि कुठल्या लॉगिनने नाही, संदेशाचे नेमके शब्द, आणि अडचण कधीपासून येतेय ती तारीख, एवढं पहिल्याच मेलमध्ये द्या. स्क्रीनशॉट जोडताना त्यात कुणाचा नंबर दिसत नाही ना, तेवढं बघून घ्या.